तिवरांमधली सपाट वाट

ठाकूरद्वारच्या ज्या इमारतीत मी राहतो, तिच्या मागे एक देशी बदाम आहे. माघ अर्धा सरला की त्याची पाने तांबडी होतात आणि एकेक करून खालच्या पत्र्यावर पडू लागतात. पान वाळके, हलके. पण पत्र्यावर पडताना त्याचा आवाज होतो, कोणी वहीचा पुठ्ठा टाकावा तसा. सकाळी चहा घेताना तो आवाज ऐकला, की थंडी आता आठ-पंधरा दिवसांची राहिली हे कळते, आणि मला शिवडीची खाडी आठवते. त्या खाडीचा आणि या झाडाचा काही संबंध नाही. एवढेच, की जे एक वर्ष मला विसरता येत नाही, त्या वर्षीच्या माघात मी या इमारतीत नुकताच राहायला आलो होतो. इकडे पत्र्यावर पाने पडत होती, आणि तिकडे शिवडीला माझे मामा माझी वाट पाहत होते.

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला स्वतःविषयी बऱ्यापैकी माहिती झालेली असते. काही गोष्टी मी इतरांना क्षमा केल्या, काही इतरांनी मला केल्या. ही एक तशीच राहिली. ती फार मोठी आहे असे मी म्हणत नाही. कोणाचा जीव गेला नाही, कोणी कोणाला फसवले नाही. मोठी नाही म्हणूनच तिची क्षमा मागण्याचा प्रसंग कधी आला नाही, आणि ती माझ्याजवळ राहून गेली.

माझे वडील मी पाच वर्षांचा असताना वारले. आईला आणि मला तिच्या भावाने मुंबईला आणले. मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात विणकर होते. दोन साचे, म्हणजे माग, त्यांच्याकडे होते, आणि माझ्या आठवणीत तरी ते साचे कधी दुसऱ्या कोणाकडे गेले नव्हते. मामी मालवणकडे घर आणि शेत सांभाळून होत्या. परळच्या पूर्वेला, शिवडीच्या बाजूच्या एका चाळीत आमची खोली होती. मी त्या खोलीत वाढलो, मामांच्या भरवशावर शिकलो, मॅट्रिक झालो आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकून लागलो. मामांनी मला कधी गिरणी दाखवली नाही. एकदा हट्ट केला तेव्हा म्हणाले, "थंय काय बगूचा असा? आवाज असा नुसतो. तू आपलो पुस्तक बग."

मामांना दमा लागला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. कापसाची धूळ छातीत बसते, हे साचेखात्यातल्या सर्वांना ठाऊक असे. कोणाच्या छातीत किती बसेल एवढाच प्रश्न. त्या पावसाळ्यापासून मामांचा खोकला वाढला. दिवाळीनंतर त्यांना तीन आठवडे इस्पितळात ठेवावे लागले. बाहेर येताना डॉक्टरांनी सांगितले की औषध चालू ठेवा, विश्रांती घ्या, आणि रोज तासभर मोकळ्या हवेत चाला. चढ नको, घाई नको. सपाट वाट हवी आणि बरोबर कोणीतरी हवे. दम लागला तर माणसाला एकट्याने भीती वाटते, आणि भीती वाटली की दम आणखी लागतो.

"वांगडाक कोण येतलो?" मामांनी विचारले. वांगडाक म्हणजे सोबतीला.

"मी आहे की," मी म्हणालो. हे मी इतक्या सहज म्हणालो, की आज त्या सहजपणाचीच मला लाज वाटते.

गिरणीने मामांना शिमग्यापर्यंत रजा दिली होती. तोवर साचे एका बदली कामगाराकडे होते. शिमग्याच्या आधी गिरणीचे डॉक्टर मामांना तपासणार; ते फिट ठरले तर साचे परत मिळणार, नाहीतर बदलीवाला कायम होणार आणि मामांनी गावी जायचे. मामांना गाव आवडत नव्हते असे नाही. दर शिमग्याला ते बोटीने जात, पालखी नाचवून येत. पण आजारी माणूस म्हणून त्यांना गावात शिरायचे नव्हते. "पालखी खांद्यार घेवक जातंय मी," ते म्हणत. "माका कोणी खांद्यार घेवन जावचो नाय." आई अशा वेळी त्यांना गप्प करी, पण हसून.

म्हणजे त्या माघ-फाल्गुनात आमच्या घरात प्रश्न एकच होता. मामा शिमग्यापर्यंत पुरेसे चालू लागतील की नाही?

शिवडीच्या खाडीची वाट मामांनीच काढली. रेल्वेचे फाटक ओलांडले की कापसाच्या वखारी लागत. वखारींच्या भिंतींना कापसाची पुसटशी लव चिकटलेली असे. मामा तेवढा भाग तोंडावर पंचा धरून ओलांडत आणि पलीकडे गेल्यावर म्हणत, "ह्यो हयसर पण इलोच काय!" मग लाकडाच्या वखारी. तिथे ओल्या सागाचा वास येई आणि तो मात्र आम्ही दोघे नाक भरून घेत असू. त्यापुढे वस्ती एकाएकी संपे. पाठीमागे चिमण्या, चाळी, भोंगे. समोर तिवरांचे रान आणि त्यामधून गेलेला मिठागराचा जुना बांध. उंची दोन हात, रुंदी माणूस आणि त्याच्या बाजूला आणखी एक माणूस चालेल एवढी. मैलभर चढ नाही, उतार नाही. कोणत्याही डॉक्टराने नकाशावर बोट ठेवून सांगावी अशी वाट.

मात्र तीन ठिकाणी बांध खचलेला होता. ओहोटीला तिथून चिखल चुकवत जाता येई. भरतीला त्या तीनही जागा पाण्याखाली जात, आणि उधाणाचे दिवस असले तर बांध जवळजवळ सगळाच. म्हणून फिरायची वेळ खाडी ठरवी. मामा लहानपणापासून खाडीच्या काठी वाढलेले. त्यांना घड्याळ लागत नसे. आदल्या दिवशी आईला विचारत, "फाल्या तीथ खंयची गे?" आई पंचांग पाही आणि सांगे. मामा क्षणभर ओठ हलवून हिशोब करत आणि म्हणत, "सुदा, उद्या चार वाजता भायर पडया." तिथीची पाऊणपट करायची, असा काहीसा तो हिशोब आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यापलीकडे मी कधी विचारले नव्हते.

पहिले काही आठवडे आम्ही खरोखर गेलो. कचेरी लवकर सुटली तर मी ट्रामने परळला येई, रविवारी तर नक्कीच. ओहोटीला चिखल उन्हात चकाके आणि त्यावर निवट्या, चिखलात राहणारे ते बोटाएवढे मासे, टुणटुण उड्या मारत. एक नांगी लाल आणि स्वतःपेक्षा मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी वर-खाली करत. मामा त्यांच्याकडे पाहून म्हणत, "बग, मुकादम सगळे हजर असत." तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो काड्या वर आलेल्या असतात, पेन्सिली रोवाव्यात तशा. मी कुठेतरी वाचले होते, ते मामांना सांगितले: ती मुळे आहेत, चिखलात हवा नसते म्हणून झाड ती वर काढते आणि त्यांनी श्वास घेते.

मामा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हेंका पण दमो असा. पण बग कशी नाका वर काडून उबी असत. रजेर नाय गेली."

मी हसलो. मामाही हसले, आणि हसण्याने त्यांना खोकला आला, म्हणून आम्ही थांबलो. ते थांबणे मला आवडत नसे. चार-पाचशे पावलांवर मामा थांबत, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे पाहत, आणि त्यांचा श्वास पुन्हा जागेवर येईपर्यंत काही करण्यासारखे नसे. मी अभावितपणे पुढे चालत राही. दहा पावले, वीस पावले. मग मागे वळून पाही. मामा तिथूनच हात वर करत: जा तू, येतो मी. हे अनेकदा घडले. वीस पावले म्हणजे काही अंतर नव्हे असे मी तेव्हा समजत असे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, या एका प्रश्नाने शहर जागे झाले होते. गोळीबारात माणसे पडली होती आणि त्यांच्या आठवणीने आमच्या चाळीत अजून काही घरांत सण होत नव्हते. मी मनापासून त्या चळवळीत होतो. ते मी आज नाकारीत नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. त्या वर्षी निवडणूक आली. गिरगावात ठिकठिकाणी कामाच्या जागा उघडल्या. माझे अक्षर चांगले होते, त्यामुळे मला फलक लिहायचे, भिंतीवरचे हस्तलिखित वार्तापत्र लिहायचे, मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, असे काम मिळाले. खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या ओट्यावर आम्ही सहा-सात जण बसत असू. ते घर एका ख्रिस्ती म्हातारीचे होते. ती आम्हांला दुपारी लिंबाचे सरबत देई आणि म्हणे, "मुंबई कुनाला पन मिलू दे, माज्या ओट्यावर शाई सांडू नका." कामाला सोयीचे पडावे म्हणून मी एका मित्राबरोबर ठाकूरद्वारला जागा घेतली. आईला तेच कारण सांगितले.

कारण खरे होते. पण त्याच्या मागे दुसरे एक कारण होते, आणि ते मी कोणाला सांगितले नाही. खोलीतल्या त्या खोकल्याचा मला कंटाळा आला होता. रात्रंदिवस तो ऐकून मला वाटू लागले होते की हा खोकला आहे तोवर माझे काही सुरू होणार नाही. चळवळीने मला तिथून बाहेर पडण्याचा इतका सन्मानाचा रस्ता दिला, की मला स्वतःलाही तो पळण्याचा रस्ता वाटला नाही. मी चौपाटीवरच्या सभांना वाळूत बसत असे, घसा बसेपर्यंत घोषणा देत असे. समोर समुद्र आत येतो आहे की बाहेर जातो आहे, याकडे एकदाही लक्ष गेले नाही.

माघ लागायच्या आधीच्या रविवारी मी परळला गेलो तो एक कागद घेऊन. मामांना म्हणालो, "आता कामाची गर्दी आहे. रोज मला जमणार नाही. पण तुमचं अडायला नको, म्हणून मी महिन्याचं वेळापत्रकच करून आणलं आहे."

जाड पांढरा कागद, त्यावर तांबड्या शाईच्या रेघा. वार, तिथी, फिरायची वेळ. शेवटच्या रकान्यात दर रविवारपुढे मी लिहिले होते, 'मी येईन.' तिथीची पाऊणपट मी कचेरीत बसून केली होती. मामा फिरायला निघण्यापूर्वी हा हिशोब करतात, म्हणजे त्यातून निघते ती फिरायचीच वेळ, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात त्या हिशोबाने निघते ती पूर्ण भरतीची वेळ. तिच्यात सहा तास मिळवले म्हणजे ओहोटी. म्हणजे मी मामांना महिनाभर रोज नेमके त्या घटकेला खाडीवर पाठवत होतो, जेव्हा वाट पाण्याखाली असेल.

मामांनी कागद हातात घेतला आणि वरून खाली वाचला. त्यांना वाचता बेताचे येई, पण आकडे चोख येत. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "अक्षर काय काडलंस रे! छापल्यासारख्या." आणि आईला म्हणाले, "खिळो दी गे. भायर दाराकडे लावतंय. लोकांक दिसाक व्हया."

पुढचे मला आईने सांगितले. शेजारच्या खोलीत बाबीतात्या नावाचे म्हातारे गृहस्थ राहत. तरुणपणी त्यांनी मचव्यावर सुकाणू धरले होते. त्यांनी दाराशी उभे राहून कागद वाचला आणि मामांना मोठ्याने म्हणाले, "शांतग्या, ह्या काय लावलंहस? भरतीच्या टायमाक फिराक जातंस? पवाक जातंस काय?"

पवाक म्हणजे पोहायला. चाळीतले चार जण हसले. मामा आतून म्हणाले, "तात्यानु, तुमचो हिशोब मालवणचो. हय मुंबयची खाडी. भाच्यान हापिसात बसून काडल्यान तां."

"हापिसात बसून दर्याक शिकवता काय तुजो भाचो?"

"शिकवता! शिकलेलो असा तो. तुमी आपली इडी ओडा."

आणि एवढे बोलून गेल्यामुळे मामांना दुसरी वाट उरली नाही. कागदावर साडेदहा असले तर ते साडेदहाला वहाणा घालत, सर्वांसमोर जिना उतरत आणि खाडीवर जात. तिथे पाणी भरलेले असे. ते कडेला बसत, तासाने परत येत. बाबीतात्या विचारत, "काय, फिरून इलंस?" मामा म्हणत, "व्हय तर." दुसऱ्या वेळेला, खऱ्या ओहोटीला, ते बाहेर पडू शकले असते. पण तेव्हा बाबीतात्या गॅलरीत बसलेले असत, आणि दारावर माझा कागद असे. सोबत नव्हतीच. आता चालणेही थांबले. घरात जो एकटाच शिकला होता त्याचा कागद खोटा पडू नये, म्हणून एका दमेकरी माणसाने आपले बरे होणे बाजूला ठेवले. अशी चूक आमच्या त्या चाळीतच होऊ शकते. मला तरी दुसरीकडे कुठे पाहिल्याचे आठवत नाही.

'मी येईन' असे लिहिलेले पहिले दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. कागदावर वेळ होती दुपारी दीड. सकाळभर वाड्यांमधून चिठ्ठ्या वाटून मी ट्रामने आलो आणि घरी न जाता परस्पर खाडीवर गेलो.

उन्हात डोळे दिपले. जिथे चिखल, निवट्या, खेकडे असायचे, तिथे सगळे पाणी होते. करडे, संथ, काठोकाठ. तिवरांची झाडे गळ्यापर्यंत बुडालेली. त्यांचे नुसते शेंडे पाण्यावर टेकल्यासारखे दिसत. बांध दिसतच नव्हता. एक बगळा एका शेंड्यावर बसला होता आणि त्याच्या भाराने फांदी पाण्याला लागत होती. आणि काठाला उलट्या घातलेल्या एका होडीवर मामा बसले होते. डोक्यावर पंचा, वहाणा काढून बाजूला ठेवलेल्या.

"इलंस?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बस. होडी तापली असा, पंचो घाल खाली."

"मामा, पाणी...?"

"पाणी असाच."

"पण आत्ता तर ओहोटी हवी."

"येतली. खाडी म्हटली काय थोडा मागेफुडे व्हताच."

मी पाण्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. कारकुनाचे डोके चूक शोधायला लागले की झटकन शोधते. एका क्षणात मला कागदावरचा प्रत्येक आकडा दिसला.

"तुम्ही रोज याच वेळांना येता?"

"कागदार असा तसा."

"आणि चालता कुठे?"

"चलनय नाय. पाणी बगतंय. पाणी बगूक काय वायट असा?"

मी शरमलो. खरेच शरमलो. आणि त्या शरमेतून माझ्या तोंडून जे पहिले वाक्य आले ते असे: "मी उद्याच दुसरं वेळापत्रक करून पाठवतो."

मामांनी बाजूच्या वहाणा जवळ ओढल्या. "कर," ते म्हणाले. "सावकाश कर. घाई नाय."

मी वीस मिनिटे बसलो. संध्याकाळी सभा होती, फलक अर्धे राहिले होते. "ऱ्हव रे वायंच," मामा म्हणाले, "तासाभरान पाणी उतराक लागताच. मगे जाव्या थोडे." मी म्हणालो, "मतदान आठ दिवसांवर आलंय, मामा. झालं की रोज येतो."

दुसऱ्या दिवशी मी खरोखर नवे वेळापत्रक केले. ते अचूक होते. कचेरीतल्या एका परळकर सहकाऱ्याच्या हाती पाठवले आणि माझ्या मनावरचे ओझे उतरले. हे उतरणे मला फार नीट आठवते. जेवण रुचकर लागले, फलकावरची अक्षरे सरळ आली. चूक दुरुस्त झाली होती. आणि दुरुस्त झालेल्या गोष्टीकडे पुन्हा जाण्याचे कारण नसते.

मामा नव्या कागदाप्रमाणे तीन दिवस एकटे चालायला गेले. चौथ्या दिवशी दुसऱ्या खचलेल्या जागेपाशी त्यांना दम लागला. जवळ कोणी नव्हते. ते चिखलात बसले. मिठागरावरचा एक माणूस परतत होता, त्याने त्यांना हात देऊन फाटकापर्यंत आणले. त्यानंतर आईने त्यांना एकटे जाऊ दिले नाही. मला निरोप आला होता. मतदान दोन दिवसांवर होते. मी उलट निरोप पाठवला, 'येतो.'

मतदान झाले, निकाल लागला, आमच्या बाजूने लागला. गुलालाने माखून मी ठाकूरद्वारला परतलो आणि पुढचे आठ दिवस मिरवणुका, सत्कार, सरबत यांत गेले. पुढे यथावकाश राज्यही झाले. ज्या दिवशी झाले त्या दिवशी मी रडलो, आणि ते रडणे खरे होते. चळवळीवर मी काही ढकलू इच्छित नाही. तिने कोणालाही आपल्या माणसाला सोडून ये असे सांगितले नव्हते. माझ्याबरोबर ओट्यावर बसणारा एक मुलगा रोज पाचला उठे, कारण त्याच्या वडिलांना डोळ्यांनी दिसत नसे आणि त्यांना देवळात न्यायचे असे. त्याला कोणी काही म्हणाले नाही. मलाही कोणी म्हणाले नसते.

गिरणीच्या डॉक्टरांनी शिमग्याच्या दोन दिवस आधी मामांना बोलावले. मी त्या दिवशी रजा काढली. कशासाठी काढली, हे मी स्वतःला नीट विचारले नाही. मी दरवाजाबाहेर उभा राहिलो. मामा नवा सदरा घालून आत गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, समोरच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन या. मामा पहिल्या वळणावर थांबले. पुन्हा चढले. दुसऱ्या वळणावर कठडा धरून खाली बसले. डॉक्टर चांगले होते. स्वतः वर गेले आणि त्यांना धरून खाली घेऊन आले. हे मला आत गेलेल्या दुसऱ्या एका कामगाराने सांगितले. मामांनी बाहेर आल्यावर एवढेच सांगितले, "साचे त्या बदलीवाल्याक दिले. बरो असा तो. तेचो हात हलको असा."

मी काहीतरी म्हणायला गेलो. मामा म्हणाले, "आज तेरस. चार वाजता सुकती, वाट उगडी असतली. येतंस काय फिराक? फाल्या माजी बोट असा."

आम्ही गेलो. ती आमची शेवटची फेरी. पुढे गावात मामा बरीच वर्षे जगले, बेताची शेती केली, आणि मी चार-पाचदा जाऊन आलो; पण दोघांनी मिळून चालण्याचा योग पुन्हा आला नाही.

वखारींपाशी त्यांनी तोंडावर पंचा धरला नाही. ओला साग, फाटकाचा घंटानाद, मग एकाएकी ते रान. पाणी दूर गेले होते. फाल्गुनाच्या उन्हाने चिखलाला वरून साय धरली होती आणि तिच्यावर पक्ष्यांच्या पायांची नक्षी होती. पहिली खचलेली जागा आम्ही हळूहळू ओलांडली. दुसऱ्या जागेपाशी मामा थांबले, कमरेवर हात ठेवले. मीही थांबलो. मग मला राहवले नाही.

"मामा, तो पहिला कागद चुकीचा आहे हे तुम्हांला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

"मालवणात जल्मलंय मी."

"मग सांगितलं का नाही? बाबीतात्यांसमोर नको, पण मला एकट्याला सांगायचं. मी लगेच दुसरा केला असता."

मामा पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने वाट विचारावी आणि माहीत असलेल्याने सांगावी, तसे ते म्हणाले,

"तेच्यासाटीच नाय सांगलंय. चुकीचो होतो तवसर तू कधीतरी बगूक येतलंस असां माका वाटा. आणि इलंस पण एक दिवस. मगे बरोबर करून धाडलंस." त्यांनी दम घेतला. "बरोबर करून धाडलंस, आणि मगे तू इलंस खंय, सुदा?"

  मामांचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. तोवर मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मग ते चालू लागले, आणि मी त्यांच्या मागून, त्यांच्याच गतीने.